आजाराची वर्गणी

दिसायला पोस्टाच्या तिकिटासारखं, पण पत्राला न लावायचं असं एक तिकीट गिरणीच्या टाइम ऑफिसात असायचं. कारकून ते कामगाराच्या नावाच्या कार्डावर चिकटवायचा, आठवड्याला एक. त्या तिकिटाच्या किमतीतला लहान वाटा कामगाराच्या पगारातून कापलेला असे आणि मोठा मालकाच्या तिजोरीतून आलेला. ज्या आठवड्यात माणूस एकही दिवस कामावर आला नाही, त्या आठवड्याचा चौकोन रिकामा राही. सहामाही संपली की कार्डांचे गठ्ठे विम्याच्या कचेरीत जात आणि तिथे हिशेब होई: किती चौकोन भरले, किती रिकामे. पुढच्या सहामाहीत ताप आला, पाय मोडला, छाती भरली, तर या माणसाला घरी बसून पैसे मिळणार की नाही, हे त्या भरलेल्या चौकोनांवर ठरायचं.

गिरणगावात या सगळ्याला सरसकट ‘ई.एस.आय.’ म्हणत. कायद्यातलं ‘एम्प्लॉइज स्टेट इन्शुरन्स’ हे लांबलचक नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. डॉक्टर तो ‘ई.एस.आय.चा डॉक्टर’, दवाखाना तो ‘ई.एस.आय.चा’ आणि औषध बेचव लागलं तर तेही ‘ई.एस.आय.चं’. नावं ठेवत ठेवत ज्यांनी त्यावर दिवस काढले अशी माणसं अजून आहेत. मात्र ही व्यवस्था आली कुठून, आणि आजारी कामगाराचं बिल अखेर कोणी भरायचं यावर तिच्याआधी पंचवीस वर्षं किती काथ्याकूट झाला, ते फारसं कुणी सांगत नाही.

त्याआधी मुंबईच्या गिरणी कामगाराचा आरोग्यविमा एकच होता: गाव. माणूस आजारी पडला की दोन-चार दिवस खोलीत पडून राही, खानावळवाली पेज देई, गाववाले आळीपाळीने बघत. दुखणं लांबलं की त्याला बोटीत किंवा गाडीत घालून रत्नागिरीला, मालवणला, साताऱ्याला पाठवलं जाई. बरा झाला तर परत येई. नाही झाला तर कामगारांची भरती करणारा जॉबर त्याच्या साच्यावर दुसरा उभा करी. व्हिटली कमिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॉयल कमिशननं १९३१ साली अहवाल दिला, त्यातही हे नोंदलेलं आहे. आजारपण, बेकारी आणि म्हातारपण या तिन्हींत हिंदी कामगाराला आधार गावाचा. कमिशनवर आपले ना. म. जोशी होते, त्यामुळे परळ-लालबागच्या खोल्या कागदावर आल्या याचं नवल नाही.

गावाचा हा आधार मालकांना आणि सरकारला फार सोयीचा होता. १९२७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं आजारपणाच्या विम्याचा करार मंजूर केला आणि हिंदुस्थान सरकारनं प्रांतांची मतं मागवली. आलेली उत्तरं आज वाचली तर एकाच माणसानं लिहिल्यासारखी वाटतात. कामगार एका जागी टिकत नाही, आज इथे तर उद्या गावाला. खेड्यात डॉक्टर नाही, मग हा आजारी आहे असा दाखला देणार कोण? कामगार वैद्याकडे जातो, हकिमाकडे जातो, त्यांचा दाखला धरायचा का? आणि पगारातून पैसे कापलेले कामगारालाच चालणार नाहीत. चारही मुद्दे खोटे नव्हते. मात्र कामगार गावाला का पळतो, याचं उत्तर त्याच कागदांत दडलेलं होतं. मुंबईत आजारी पडून राहणं त्याला परवडत नव्हतं.

कायदा होता तो फक्त हात तुटल्याचा. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानं यंत्रात बोटं गेली तर मालकाला पैसे भरावे लागत. ताप, खोकला, क्षय यांचं काही नाही. काही मालक आपणहून करत, हेही सांगायला हवं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली, कायद्याच्या कितीतरी आधी. पण एका मालकाचा चांगुलपणा शेजारच्या गिरणीतल्या कामगाराच्या काय कामाचा?

आजाराचा खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात टाकला तर काय होतं, याचा धडा मुंबई इलाख्याला बाळंतपणाच्या कायद्यानं दिला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाच्या रजेचा भत्ता मिळावा म्हणून विधेयक आलं. चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा काही भार सरकारनं उचलणं रास्त आहे. मात्र मालकालाही सुटका नाही. बाईला कामावर ठेवण्यात त्याला फायदा दिसतो म्हणूनच तो तिला ठेवतो. कायदा १९२९ मध्ये झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा. त्यात सरकारनं स्वतःचा हात काढून घेतला आणि भत्ता सरळ मालकावर टाकला.

मग व्हायचं तेच झालं. ज्या गिरणीत बायका जास्त तिथे खर्च जास्त. वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत बायकांची मोठी भरती असे. दिवस गेल्याची कुणकुण लागताच कामावरून कमी करायचं, नव्यानं बायका घ्यायच्याच नाहीत, असे मार्ग निघाले. पुढच्या दोन दशकांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. कारणं आणखीही होती, रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं ही त्यांतली ठळक. पण भत्त्याचा कायदा त्यात एक खिळा ठोकून गेला, हे त्या काळच्या कामगार पुढाऱ्यांनाही कळत होतं. बाईच्या भल्यासाठी केलेला कायदा बाईलाच महाग पडला. कारण साधं होतं. ओझं एकाच खांद्यावर ठेवलं की तो खांदा झटकला जातो.

विम्याचं गणित इथूनच सुरू होतं. साऱ्या मालकांनी साऱ्या कामगारांसाठी, बाई-पुरुष न बघता, पगाराच्या प्रमाणात एका सामाईक गंगाजळीत पैसे टाकायचे. मग एखादी बाई बाळंत झाली म्हणून तिच्या मालकाच्या खिशाला वेगळी चाट बसत नाही. ही कल्पना काही आपल्याकडची नव्हे. बिस्मार्कच्या जर्मनीत १८८३ पासून ती चालू होती. आपल्याकडे ती यायला मात्र दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं.

युद्धात गिरण्या तीन पाळ्यांत धडधडत होत्या आणि सरकारला कामगार नाराज होऊन चालणार नव्हता. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. ऑगस्टमध्ये सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद दिल्लीत भरली. डिसेंबरात लंडनला बेव्हरिजचा अहवाल निघाला आणि ‘पाळण्यापासून थडग्यापर्यंत’चा विमा जगभर बोलण्याचा विषय झाला. मार्च १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखायला एका माणसाला नेमलं. समिती नव्हे, कमिशन नव्हे, एकच माणूस: प्रा. बी. पी. आडारकर. त्यांचा अभ्यासाचा विषय अर्थशास्त्र, त्यातही चलनव्यवहार. नाण्यांचा आणि व्याजदरांचा अभ्यास केलेल्या माणसाला तापाचा आणि बाळंतपणाचा हिशेब मांडायला बसवलं हे वरवर विचित्र वाटतं. पण विमा म्हणजे शेवटी आकड्यांचाच संसार. ते लिहूनही झपाट्यानं मोकळे झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. नेहरू त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत, अशी आठवण ई.एस.आय. महामंडळात अजून सांगतात.

आडारकरांनी पहिल्या झेपेला तीनच उद्योग धरले: कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू. सक्तीचा विमा, मालक आणि कामगार दोघांची वर्गणी, आणि कागदपत्र जितकं साधं ठेवता येईल तितकं साधं. योजना समजायला सोपी असावी, तंटे-कज्जे कमीत कमी व्हावेत आणि आहे त्या परिस्थितीत ती चालवता यावी, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह वाचताना मला त्या कार्डावरची तिकिटं आठवतात. निरक्षर कामगारालाही चौकोन भरला की रिकामा, एवढं दिसायचं.

त्याच महिन्यांत दूर अमेरिकेत निराळंच काही चाललं होतं. तिथे ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारनं पगार गोठवले. कामगारांची टंचाई, आणि पगारवाढ देता येत नाही. विम्याचा खर्च मात्र या गोठवणीतून वगळलेला होता. मग कंपन्या पगाराऐवजी आरोग्यविम्याचं आमिष दाखवू लागल्या. १९५४ च्या करकायद्यानं त्या सवलतीवर शिक्कामोर्तब केलं आणि आरोग्यविमा नोकरीला कायमचा जोडला गेला. प्रत्येक कंपनीची थैली वेगळी, नोकरी गेली की विमा गेला. अमेरिकेतल्या मराठी माणसांना विचारा, नोकरी बदलताना पहिली चौकशी ते कशाची करतात. आडारकरांनी मांडलेली थैली देशभराची एक होती.

त्यांच्या आराखड्यावरून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी हात फिरवला: मॉरिस स्टॅक आणि आर. राव. त्यांनी व्याप्ती वाढवली. तीनच उद्योग कशाला, वर्षभर चालणारे सगळे कारखाने घ्या, कारकूनही घ्या, बाळंतपण आणि अपघाताची भरपाई याच विम्यात आणा. हे सगळं उत्तम होतं. पण त्यांची आणखी एक शिफारस स्वीकारली गेली आणि तिचा काटा योजनेच्या पायात तेव्हा रुतला तो निघालाच नाही. पैशाचे लाभ एका यंत्रणेकडे, औषधोपचार दुसरीकडे. रोख भत्ता द्यायचा केंद्राच्या महामंडळानं आणि दवाखाने चालवायचे प्रांतिक सरकारांनी. स्वयंपाक एकीकडे आणि शिधा दुसरीकडे. पुढच्या सत्तर वर्षांत औषधं का नाहीत, खाटा का रिकाम्या, डॉक्टरांच्या जागा का भरल्या नाहीत, असं विचारलं की दिल्ली मुंबईकडे बोट दाखवी आणि मुंबई दिल्लीकडे. दोघांचंही काही अंशी खरं असे, हीच त्यातली खरी गोम.

१९ एप्रिल १९४८ ला कायदा झाला. यांत्रिक शक्तीवर चालणारे आणि वीस किंवा अधिक माणसं असलेले, हंगामी नसलेले कारखाने त्यात आले. महिना चारशे रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार विमेदार. दिवसाला सरासरी एक रुपयाहून कमी मिळवणाऱ्याला वर्गणी माफ, त्याचा मालक मात्र सुटत नसे. आजारपणात साधारण अर्धा पगार, वर्षाकाठी आठ आठवड्यांपर्यंत. पहिले दोन दिवस कोरडे. पुढे क्षयासारख्या लांबणाऱ्या दुखण्यांसाठी मुदत वाढवण्यात आली. बाळंतपणाला बारा आठवडे.

महामंडळाचे पहिले महासंचालक म्हणून ज्यांना आणलं, त्यांची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डॉ. चुनीलाल कत्याल. पंजाबातले, लंडनच्या पूर्वेकडच्या गोदी कामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणारे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेल्या गांधीजींची आणि चार्ली चॅप्लिनची भेट झाली ती त्यांच्याच घरी. १९३८ मध्ये ते लंडनच्या फिन्सबरी भागाचे महापौर झाले. त्याच वर्षी तिथे गरिबांसाठी एक आरोग्य केंद्र उघडलं. दात, क्षय, स्त्रिया, पाय, साऱ्यांचे उपचार एका छपराखाली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा यायला तेव्हा दहा वर्षं होती. असा माणूस इथे आला, आणि त्याच्या पदरात पडली ती कागदावरची योजना.

कारण कायदा झाला तरी चार वर्षं एकाही कामगाराला एक गोळी मिळाली नव्हती. ठरलं होतं ते असं की प्रयोग म्हणून दिल्ली आणि कानपूर इथून सुरुवात करायची. कानपूरचे गिरणीमालक उसळले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: आमच्या कापडावर विम्याचा बोजा, आणि मुंबई-अहमदाबादच्या कापडावर नाही. मग बाजारात आमचा माल महाग पडणार. आम्हीच काय घोडं मारलंय? बाळंतपणाच्या कायद्यात जे एका गिरणीचं झालं होतं तेच आता एका शहराचं होत होतं. खांदा एकच, म्हणून तो झटकायची घाई.

तोडगा १९५१ च्या दुरुस्तीनं निघाला, आणि मला तो या साऱ्या कथेतला सगळ्यांत हुशार भाग वाटतो. देशभरच्या मालकांवर ‘विशेष वर्गणी’ बसवली. जिथे योजना अजून पोचली नाही तिथल्या मालकांनीही पगारबिलाचा पाऊण टक्का भरायचा, आणि जिथे सुरू झाली तिथे सव्वा टक्का. म्हणजे कानपूरच्या कामगाराच्या औषधाला परळचा मालकही हातभार लावणार. कामगाराची वर्गणी मात्र आपल्या गावात योजना आल्यावरच सुरू होई. पाऊण टक्का देऊन बसलेल्या मुंबईच्या मालकांना साहजिकच वाटू लागलं, की पैसे जातातच आहेत तर योजना इथेही येऊ दे.

२४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप पार्कात नेहरूंनी योजनेचं उद्घाटन केलं. समोर सत्तर हजारांची सभा, व्यासपीठावर गोविंद वल्लभ पंत, राजकुमारी अमृत कौर, डॉ. कत्याल. नेहरू हिंदीत बोलले आणि पहिले मानद विमेदार म्हणून त्यांनी स्वतःचा फॉर्म भरला. तो महामंडळानं जपून ठेवला आहे. कानपूर आणि दिल्ली मिळून सव्वा लाखाच्या आत-बाहेर कामगार त्या दिवशी विम्यात आले.

महाराष्ट्राच्या आजच्या नकाशात ही योजना आली १९५४ मध्ये. जुलैत नागपूरला, ऑक्टोबरात मुंबईला. मुंबईनं एक वेगळी वाट धरली. कानपूर-दिल्लीत सरकारी दवाखाने आणि पगारी डॉक्टर होते. मुंबईत चाळीचाळीत, नाक्यानाक्यावर खाजगी डॉक्टर आधीच बसलेले. त्यांचीच यादी केली, तिला ‘पॅनल’ म्हटलं, आणि कामगाराला सांगितलं, यातला तुझा तू निवड. डॉक्टरला पैसे रोग्यामागे किंवा भेटीमागे नव्हते, यादीत जितकी नावं तितक्या माणशी वर्षाचे ठरावीक. कामगार आजारी पडो न पडो, रक्कम तीच.

या पॅनल डॉक्टरची खोली डोळ्यांपुढे आणा. तळमजल्यावरचा गाळा, बाहेर लाकडी बाकडं. पहिली पाळी सुटली की बाकडं भरतं, अंगावर कापसाचे तंतू तसेच. आत डॉक्टर, पलीकडे लाकडी आडोशामागे कंपाउंडर. मिक्श्चरची बाटली ज्याची त्यानं घरून आणायची, तिच्यावर कंपाउंडर कागदाची कातरलेली पट्टी डकवून देणार, दर खाचेला एक डोस. या बाकड्यावरच्या निम्म्या माणसांना औषध नको असे, सर्टिफिकेट हवं असे. कारण डॉक्टरच्या सहीचा कागद म्हणजे अर्धा पगार. मालक म्हणत, पॅनलचे डॉक्टर सर्टिफिकेटं वाटतात. कामगार म्हणत, डॉक्टर नाडीलाही हात न लावता औषध लिहितो. यादीवर माणशी ठरावीक पैसे मिळत असल्यावर डॉक्टरनं नाडीला किती वेळ हात लावावा, याचं गणित कुणालाही करता येईल. पण एका गोष्टीचं मोल कमी करता येत नाही. गावाला जाणारी बोट आता पहिला उपाय राहिली नाही. माणूस मुंबईतच आजारी पडू लागला.

सुरुवातीला हे सगळं फक्त कामगारापुरतं होतं. बायको-पोरं आजारी पडली तर तो बाकड्यावर बसून नुसतं बघणार. १९५८ पासून हळूहळू कुटुंबं विम्यात येऊ लागली. परळला महात्मा गांधी स्मारक रुग्णालय उभं राहिलं, मग वरळी, मुलुंड, कांदिवली, अंधेरी. गिरणगावातल्या किती तरी पोरांच्या जन्माच्या दाखल्यावर यांतल्याच एखाद्या रुग्णालयाचं नाव आहे.

रिकाम्या चौकोनांचा हिशेब मात्र पाठ सोडत नव्हता. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही, आणि काम मिळालं तरच तिकीट. महिन्यातून चार-सहा दिवस काम मिळालं तर सहामाहीच्या अखेरीस त्याच्या हक्काचं काय उरणार? आजार त्यालाच जास्त, कार्ड त्याचंच अर्धं. विमा कायम कामगाराच्या मापानं शिवलेला होता, तो बदलीच्या अंगाला कधी नीट बसला नाही.

आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यातली एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विम्याच्या कायद्यातलं ६३ वं कलम असं होतं, की कामगार ज्या दिवशी संपावर असेल त्या दिवसाचा आजारपणाचा भत्ता त्याला मिळणार नाही, काही थोडे अपवाद सोडून. पगार नाही म्हणून वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणून पुढच्या मुदतीत हक्क नाही. संप लांबत गेला तसतशी ती दोन्ही दारं बंद होत गेली. ज्या काळात घरातलं धान्य संपलं, भांडी विकली गेली, माणसं खचली, नेमक्या त्याच काळात विम्यानंही पाठ फिरवली. आणि गाव? पुष्कळ जण परत गावाकडेच गेले. १९३१ च्या अहवालात लिहिलेला तोच विमा, अर्ध्या शतकानंतर पुन्हा.

संपातून गिरण्या उठल्या नाहीत. ई.एस.आय. मात्र टिकली, ती कंत्राटदाराच्या माणसांवर, छोट्या कारखान्यांवर, पुढे दुकानं आणि हॉटेलांवर. तिची कड नेहमीच पगाराच्या मर्यादेनं आखलेली. १९८५ ला सोळाशे, १९९२ ला तीन हजार, १९९७ ला साडेसहा हजार, २०१० ला पंधरा हजार, जानेवारी २०१७ पासून एकवीस हजार. महागाई पुढे पळे आणि मर्यादा मागून लंगडत येई. मधल्या वर्षांत दरवेळी कामगारांचा एक थर पगारवाढीच्या निमित्तानं विम्याबाहेर पडे, कित्येकदा कामगार पुढाऱ्यांनीच मिळवून दिलेल्या पगारवाढीच्या निमित्तानं.

बाहेर पडलेल्यांसाठी १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला आणि कंपन्या आपल्या नोकरांचा गटविमा काढू लागल्या. नव्वदीनंतरच्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत कुणी ई.एस.आय.चं नावही काढेना. पण गटविम्यात थैली पुन्हा ज्याची त्याची. यंदा एखाद्या कंपनीत दोन बायपास आणि एक कॅन्सर झाला, की पुढच्या वर्षी तिचा हप्ता चढतो. माझ्या माहितीतल्या एका ऑफिसात मार्चअखेरीला मेल येतो: यंदापासून आई-वडिलांचा हप्ता कर्मचाऱ्यानं स्वतः भरावा. कारण लिहिलेलं नसतं, पण ते सगळ्यांना ठाऊक असतं. १९२९ च्या गिरणीमालकाला ते लगेच समजलं असतं.

ई.एस.आय.कडे मात्र दरम्यान पैसा साचत गेला. २०१९ च्या जुलैत सरकारनं वर्गणीच कमी केली. एकूण साडेसहा टक्क्यांवरून चार टक्के, त्यात मालकाचे सव्वातीन, कामगाराचा पाऊण. मालकांनी अर्थातच आनंदानं स्वागत केलं. साचलेल्या पैशातून दवाखान्यांतल्या रिकाम्या जागा आधी का भरल्या नाहीत, या प्रश्नावर दिल्लीनं मुंबईकडे बोट दाखवलं असणार, आणि मुंबईनं दिल्लीकडे.

आता लोअर परळला जिथे गिरण्या होत्या तिथे काचेचे टॉवर आणि मॉल आहेत. समजा, त्यातल्या एका दारावर कंत्राटदाराचा सुरक्षारक्षक उभा आहे, कदाचित एखाद्या साचेवाल्याचाच नातू. पगार वीस हजार. त्याच्या पगारपत्रकावर दीडशे रुपये कापलेले दिसतात, कंत्राटदार साडेसहाशे भरतो. तिकीट नाही, कार्ड नाही, मोबाइलवर एक नंबर. या आठशे रुपयांत तो, बायको, दोन मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली म्हातारी आई. आईचं डायलिसिस चालू आहे. कंत्राटदार त्याला बोलावून सांगतो, तू चांगला माणूस आहेस, पुढच्या महिन्यापासून तुला दीड हजार वाढ. साडेएकवीस हजार. रक्षक हिशेब घालतो. चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाईल, विमा त्यानंतर फार काळ नाही.

तो कंत्राटदाराला म्हणतो, साहेब, वाढ पाचशेचीच करा ना.